खानापुरी परळ: कावळ्याच्या मापाचा पाणवठा

उन्हाळा लागला की बेळगावच्या बाजारात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी दिसायला लागतात. दोरीनं टांगायची मातीची वाटी, प्लास्टिकचं लोंबतं ताट, लाकडी घरट्याला चिकटवलेली इवलीशी डबी. सगळं चिमणीच्या मापाचं. कावळ्यासाठी म्हणून कुणी काही विकत नाही, कारण कावळ्यासाठी म्हणून कुणी काही मागत नाही. आणि टिळकवाडी असो, शहापूर असो की वडगावातली एखादी गल्ली, गच्चीवर पाणी ठेवलं की पहिला येतो तो कावळाच. अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाचा पक्षी त्या टांगत्या वाटीवर उतरायला बघतो, वाटी कलंडते, पाणी सांडतं, आणि दोष कावळ्यावर जातो. दोष वाटीचा आहे.

कावळ्याला पुरेल, त्याच्या वजनाला टिकेल आणि त्याला पटेल असं एकच भांडं आपल्या भागात सहज मिळतं: खानापूरकडच्या कुंभारांनी घडवलेलं, बिनझिलईचं, पसरट, जाड काठाचं मातीचं परळ. बेळगावापासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या या तालुक्याची माती कौलं आणि भांडी दोन्हींसाठी जुनी नावाजलेली. खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही खानापुरातच आहे. परळ मुळात कावळ्यासाठी घडवलेलं नसतं. कोंबड्यांना पाणी ठेवायला, रांजणावर झाकायला, मोठ्या कुंडीखाली ठेवायला लोक ते नेतात. पण त्याचं माप कावळ्याला असं बसतं की जणू त्यालाच समोर बसवून घेतलंय.

माप सांगायचं तर तोंड ३५ ते ४० सेंटिमीटर, मधली खोली ६ सेंटिमीटर, काठ किमान दीड सेंटिमीटर जाड. एवढ्या परळात तीनेक लिटर पाणी मावतं आणि रिकामं वजन तीन किलोच्या आसपास भरतं. भरल्यावर सहा किलो. कावळा काठावर आदळून बसला तरी ते हलत नाही. यातली खोली सर्वात महत्त्वाची. कावळा आंघोळीला पाण्यात शिरतो तेव्हा पोटापर्यंत पाणी त्याला हवं असतं, त्यापेक्षा जास्त झालं तर तो आत पाय घालत नाही. म्हणून सरळ भिंतीचं खोल भांडं, कुंडा किंवा पाटी, काही कामाची नाही. उतार काठापासून मध्यापर्यंत हळूहळू जाणारा हवा: काठाजवळ दोन बोटं पाणी पिण्यासाठी, मध्ये चार बोटं आंघोळीसाठी. काठ जाड हवा तो पकडीसाठी. पातळ, धारदार काठावर कावळ्याची बोटं नीट वळत नाहीत आणि तो सारखी जागा बदलत राहतो. जाड गोल काठावर तो निवांत बसतो आणि मान वाकवून पितो.

घेताना काय बघायचं? पहिलं, आवाज. परळ डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या सांध्यानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट झालेली. बद्द आवाज आला तर एक तर आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, कच्चं राहिलंय किंवा कुठेतरी केसाएवढी चीर आहे. दुसरं, बूड. सपाट फरशीवर ठेवून काठाच्या चार बाजूंवर दाबून बघा. डुगडुगणारं परळ कावळा एकदा अनुभवतो आणि सोडून देतो. तिसरं, अंगावरचे पांढरे ठिपके. मातीत चुनखडीचे कण राहिलेले असले तर भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे ओल लागली की ते फुगतात आणि वरचा पापुद्रा उडवून लावतात. विकत घेताना धडधाकट दिसणारं परळ पंधरा दिवसांत देवीचे वण उठल्यासारखं होतं ते याच्यामुळे. हरभऱ्याच्या डाळीएवढे पांढरे ठिपके दिसले तर ते बाजूला ठेवा. काळा डाग मात्र दोष नाही. आव्यात जाळ कमी-जास्त लागला, धूर कोंडला, की तो येतो. पांढरे ठिपके घातक, काळे निरुपद्रवी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी फसगत टळते.

झिलईचं, आतून गुळगुळीत चकाकणारं परळ घेऊ नका. दिसायला छान, पण ओल्या झिलईवर कावळ्याचे पाय घसरतात, आणि पाय घसरला की तो आंघोळीला पुन्हा उतरत नाही. ऑइलपेंटनं वारली चित्रं काढलेली भांडीही हल्ली मिळतात. बाहेरून रंगवलेलं एकवेळ चालेल, आतून नको: उन्हापाण्यानं रंगाचे पोपडे सुटतात आणि कावळ्याला सुटणारी प्रत्येक गोष्ट चोचीनं सोलून बघायची असते.

भाव ठरलेला नसतो. माप, भाजणी आणि बाजाराचा दिवस यांवर तो ठरतो. एक सांगतो, एक घेऊ नका, दोन घ्या. कारण पुढे येईल. वडापनं (शेअर जीपनं) किंवा बसनं आणायचं असेल तर दोन परळांच्या मध्ये आणि खाली भाताचं पिंजर भरून घ्या. तडे जातात ते बहुधा वाटेतच, काठाला काठ आपटून.

घरी आणल्यावर लगेच वापरात काढू नका. पूर्ण बुडेल अशा टबात किंवा हौदात चोवीस तास ठेवा. सुरुवातीला बारीक बुडबुडे येतात, ती मातीच्या छिद्रांतली हवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढा, काथ्यानं घासा, पाणी भरून कोरड्या फरशीवर रात्रभर ठेवा. सकाळी बुडाखाली ओल सगळीकडे सारखी दिसली तर ठीक, तो मातीचा स्वभाव आहे. एकाच जागी थेंब साचलेला असला तर तिथे चीर आहे. असं परळ पाण्याला निरुपयोगी, धान्य ठेवायला वापरा. हे पाझरणंच या भांड्याची खरी किंमत आहे. पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगावर वाळत राहतं आणि आतलं पाणी गार ठेवतं. एप्रिलातल्या दुपारी स्टीलच्या ताटलीतलं पाणी बोटाला चटका देतं, त्याच वेळी शेजारच्या परळातलं पाणी पिण्याजोगं असतं. याची किंमतही मोजावी लागते: अथणी-रायबागच्या कोरड्या उन्हात सकाळी काठोकाठ भरलेलं परळ संध्याकाळी निम्म्यावर येऊ शकतं. तिकडे दोनदा भरणं आलंच. बाहेरून पांढरी बुरशीसारखी जी पूड येते ती बुरशी नव्हे, पाण्यातले क्षार आहेत. बोअरचं पाणी भरलं की जास्त येते. ओल्या काथ्यानं निघते.

कुठे ठेवायचं? कठड्यावर नको, खाली कुणाच्या डोक्यात पडेल. गच्चीच्या फरशीवर चार विटा मांडून त्यावर ठेवा, म्हणजे बुडाला वारा लागतो आणि गारवा टिकतो. कावळा कधी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या उंच जागेवर बसतो, चारी बाजू न्याहाळतो, मग खाली येतो. म्हणून दोन-तीन मीटरवर टाकीचा पाइप, वाळवणाचा खांब किंवा नारळाची झावळी असेल अशी जागा निवडा. झुडपाच्या किंवा अडगळीच्या आडोशाला ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं आणि भिजलेला कावळा चटकन उडू शकत नाही. सावली सकाळी अकरा ते चार एवढी मिळाली तर उत्तम.

आता खरी परीक्षा. परळ मांडलं, पाणी भरलं, आणि कावळे आलेच नाहीत. इथे बहुतेकजण चार दिवसांत कंटाळतात आणि परळाला किंवा कावळ्याला नावं ठेवतात. कावळा माणसाच्या इतका जवळ राहूनही नव्या वस्तूला फार बिचकतो. पहिले एक-दोन दिवस तो टाकीवर बसून नुसता बघतो, एका डोळ्यानं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून हे मान वळवणं. कावळ्याला एकच बुबुळ असतं आणि तेच तो इकडून तिकडे फिरवतो, ही समजूत यातूनच आलेली. पुढे तो फरशीवर उतरतो, पण परळापासून हातभर लांब. तिरका चालत येतो, दोन उड्या मारून मागे सरकतो. मग काठावर चोच टेकवून चटकन दूर. हे सगळं सहसा चार-पाच दिवस ते आठवडाभर चालतं. या काळात परळाची जागा बदलू नका, बाजूला नवी बादली ठेवू नका, आणि दारात उभं राहून टक लावून बघू नका. काठाजवळ शिळ्या चपातीचे दोन तुकडे ठेवले तर काम लवकर होतं. एक कावळा प्यायला आणि सुखरूप उडाला, की बाकीच्यांची तपासणी तासाभरात संपते. ते एकमेकांवरूनच शिकतात.

आणि ते तुम्हालाही तपासत असतात. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणेचे वाळे घालून सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही त्या आवारात फिरलं की कावळे त्याच्यावर ओरडून तुटून पडायचे. साधा मुखवटा घातलेल्याकडे दुर्लक्ष करायचे. कधीच न पकडलेले कावळेही त्यात सामील झाले, आणि हा राग वर्षानुवर्षं टिकला. तो अमेरिकी कावळा आपल्या गावकावळ्याचा चुलत भाऊ, तोच नव्हे. पण व्यवहारात इथेही हेच धरून चाला: पाणी भरायचं काम शक्यतो घरातल्या एकाच माणसानं करावं, ठरलेल्या वेळी, आणि त्या माणसानं कधीही काठी उगारू नये. एकदा खडा मारलात तर महिनाभराचं पाणी भरणं वाया जाऊ शकतं.

खड्यावरून आठवलं. परळात मधमाश्यांना उभं राहता यावं म्हणून बारके खडे टाकण्याची पद्धत आहे. चांगला हेतू, पण कावळ्याच्या परळात बारके सुटे खडे टाकू नका, तो ते उचलून बघतो आणि बाहेर टाकतो. तळहाताएवढा एकच चपटा दगड मध्ये ठेवा. खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. केंब्रिजमध्ये २००९ साली रूक जातीच्या कावळ्यांपुढे तशीच अरुंद नळी ठेवली, पाणी खाली आणि त्यावर तरंगणारी अळी. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मोठे खडे टाकले की काम लवकर होतं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि नळीत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा असला तर खड्यांचा उपयोग नाही हेसुद्धा.

कावळ्यांनी परळ स्वीकारल्यावर जे दिसतं त्यासाठी हा सगळा खटाटोप. सकाळी साडेसहा-सातला पहिली फेरी. कावळा काठावर बसतो, चोच पाण्यात आडवी बुडवतो, खालच्या चोचीत पाणी घेतो आणि मान वर करून घशात सोडतो. त्याच क्षणी डोळ्यावरून एक पांढुरका पडदा आडवा सरकून जातो: तिसरी पापणी. पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या आडून, नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुपारी उन्हात चोच उघडी टाकून बसलेला कावळा आजारी नसतो. पक्ष्यांना घाम येत नाही, तो श्वासावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकत असतो. त्याला त्या वेळी पाण्याची सर्वात जास्त गरज असते.

चपाती भिजवणं मात्र नीट बसून बघण्यासारखं. वाळलेली कडक चपाती किंवा भाकरीचा तुकडा घेऊन कावळा काठावर येतो. तुकडा पाण्यात सोडतो, पण चोच जवळच ठेवतो. काही क्षणांनी उचलून एकदा दाबून बघतो. कडक लागला तर पुन्हा पाण्यात, दुसऱ्या बाजूनं. मऊ झाला की काठावर आणून एका पायाखाली धरतो आणि कडेपासून तोडून खातो. ज्वारीच्या भाकरीला जास्त वेळ देतो, पावाला जेमतेम एक बुडी, कारण पाव विरघळून जातो आणि हाती काही उरत नाही. कशाला किती वेळ द्यायचा हे त्याला कळतं. दुसरा कावळा टपून असेल तर भिजवणं अर्धं सोडून तो तुकडा उचलतो, लांब नेतो आणि कौलांच्या खाचेत खुपसून वर पानाचा तुकडा ठेवतो. नंतर नेमका तिथेच परत येतो.

आंघोळ बहुधा दुपारी उन्हं कलताना. पोटापर्यंत आत, डोकं बुडवून पाणी पाठीवर उडवणं, दोन्ही पंख थरथरवणं, पुन्हा काठावर, पुन्हा आत. परळातलं निम्मं पाणी बाहेर जातं. मग तो टाकीवर बसून शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीनं घेऊन एकेक पीस विंचरतो. या वेळी ऊन तिरकं असतं, तेव्हा त्याचा रंग बघा. कावळा काळा आहे असं म्हणणारानं तो जवळून पाहिलेला नसतो. पाठीवर जांभळट निळी झाक, पंखांवर हिरवट, गळ्याला मोरपंखी, आणि मानेपासून छातीपर्यंत राखाडी, कुणाची धुरकट, कुणाची दुधाळ. पीस हललं की रंग सरकतो. गावकावळ्याचं शास्त्रीय नाव कॉर्व्हस स्प्लेंडेन्स, म्हणजे झळाळणारा कावळा. नाव देणाऱ्यानं नीट बघितलं होतं. मानेला राखाडी अजिबात नसलेला, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा असेल तो डोमकावळा. बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या झाडांवर आणि पुढे जांबोटी, कणकुंबीच्या जंगलाकडे गेलात की जास्त दिसतो. त्याला ४० सेंटिमीटरचंच परळ लागतं.

एवढा सुरेख पक्षी, आणि आपल्या भाषेत त्याच्या वाट्याला आलंय काय? कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत तो उंदीर-घुशींच्या पंगतीत उपद्रवी म्हणून बसवलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच निघाली. गल्लीतला मेलेला उंदीर, मटणाच्या दुकानामागचं टाकाऊ मांस, लग्नाच्या हॉलमागचं उष्टं, हे सगळं रोज उचलणारा तोच. तो अस्वच्छ नाही, आपण टाकलेलं तो आवरतो.

पण परळाच्या दृष्टीनं याचा एक परिणाम आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कावळ्याचं पाणी चिमणीच्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खराब होतं. हाडं, कोंबडीची आतडी, कधी उंदराचा तुकडाही पाण्यात भिजत पडतो. म्हणून पाणी रोज बदलायचं, उन्हाळ्यात दोनदा: सकाळी सात आणि दुपारी चार. चारची वेळ चुकवू नका, रात्रीच्या झाडांकडे निघण्याआधी कावळे भरपूर पितात. एक दिवसाआड काथ्यानं घासणं. साबण, फिनाइल, ब्लीचिंग यातलं काहीही बिनझिलईच्या मातीला लावू नका. माती ते शोषून घेते, दिवसेंदिवस पाण्यात सोडत राहते, आणि साबणानं पिसांवरचं तेल जाऊन पक्षी पावसात भिजतो. आठवड्यातून एकदा हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम पाण्यानं धुवा (उकळतं नको, गार परळाला तडा जातो) आणि पूर्ण दिवस कडक उन्हात पालथं घाला. इथेच दुसरं परळ कामाला येतं: एक वापरात, एक उन्हात. दोन्ही एकाच कुंभाराकडची, सारख्या मापाची असली तर कावळ्यांना फरक जाणवत नाही.

घासण्याचं दुसरं कारण डास. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी पडली तरी लगेच मरत नाहीत. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर अंडी तिथेच राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. एक दिवसाआड घासलं तर तो प्रश्न उरत नाही. पाण्याची रेघ असते तिथे दोन बोटं वर-खाली जोर लावून घासा.

बाकीच्या भांड्यांबद्दल थोडक्यात. प्लास्टिकचं ताट हलकं, कावळा काठावर बसला की उलटतं, आत वीट ठेवून टिकवता येतं, पण पाणी तापतं आणि दोन उन्हाळ्यांत ते तडकतं. स्टीलची परात निसरडी आणि चटका देणारी. तिचा चकाकता तळही कावळ्यांना बिचकवतो. सिमेंटची थाळी वजनाला उत्तम, काठही जाड, पण नवीन सिमेंटमधून क्षार सुटतो, आठवडाभर रोज पाणी बदलून मुरवावी लागते, आणि घासून शेवाळ निघता निघत नाही. सिमेंट दुसऱ्या क्रमांकावर, परळ पहिल्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो भाजणी एकसारखी नसते म्हणून. एकाच ढिगातलं एक परळ पाच वर्षं टिकतं आणि दुसरं पहिल्या मृगातच सोलतं.

खाऊ घालायचं तर मूठभर, पाण्यापासून दोन-तीन फुटांवर. मीठ न घातलेला भात, भाकरी, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, भिजवलेले शेंगदाणे. शेव, चिवडा, फरसाण नको, इतकं मीठ पक्ष्याला झेपत नाही. बुरशी आलेला पावही नको. मुठीपेक्षा जास्त ठेवलंत तर उरलेलं कौलांत आणि पन्हळीत लपवलं जाणार, आणि जूनमध्ये पन्हळ तुंबून पाणी भिंतीत उतरणार. जुन्या कौलारू घरांनी मेअखेरीस एकदा पन्हळ साफ करावी: हाडं, तारांचे तुकडे, प्लास्टिक, सगळं निघतं. कावळा तिथे तुमचं नुकसान करायला जात नाही, ती त्याची कणगी आहे.

एप्रिल-मे हे घरट्याचे दिवस. काटक्यांबरोबर बांधकामावरच्या तारा वापरून तो घरटं विणतो, तीन ते पाच निळसर हिरवी अंडी, सोळा-सतरा दिवस उबवणं. या काळात घरट्याच्या झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर तो झेपावतो. छत्री उघडून जा, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न असतो. कोकिळा याच घरट्यात अंडं घालून जाते. मेअखेर-जूनमध्ये परळाच्या काठावर एखादं ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू चोच वासून बसलेलं आणि कावळी त्याला भिजवलेला घास भरवताना दिसली तर ते कोकिळेचं पिल्लू आहे. कोकिळाच्या गाण्याचं कौतुक जन्मभर करणाऱ्यांनी तो घास कुणी भरवला हेही बघावं.

एक इशारा. परळाजवळ एखादा कावळा सुस्त, मान टाकलेला दिसला किंवा आसपास दोन-तीन मेलेले आढळले तर हात लावू नका. पाणी ओतून टाका, परळ पालथं घाला, पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात कळवा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस राजस्थान आणि मध्य प्रदेशात बर्ड फ्लूची पहिली खूण मेलेल्या कावळ्यांतूनच मिळाली होती. एरवीही परळ हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, आणि ते घासायचा काथ्या वेगळा ठेवायचा.

पाऊस लागला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात परळाचं काम संपतं. जून ते ऑगस्ट बाहेर ठेवलं तर शेवाळ धरतं आणि सततच्या ओलीनं काठ भुसभुशीत होतो. धुऊन, उन्हाची दोन-तीन तिरपी मिळतील तेव्हा वाळवून, माळ्यावर पालथं ठेवा. एकावर एक रचलीत तर मध्ये पिंजर.

आणि गणपती विसर्जन झालं की लगेच खाली काढा, म्हाळाची (पितृपक्षातल्या श्राद्धाची) वाट बघू नका. म्हाळाच्या दुपारी केळीच्या पानावर भात, वडे, खीर घेऊन गच्चीवर उभं राहायचं, काव काव म्हणून हाका मारायच्या आणि कावळा शिवत नाही म्हणून घरातल्यांनी एकमेकांकडे बघायचं, हे गल्लोगल्ली होतं. पितर रुसलेत म्हणून कावळा येत नाही असं नाही. नवी जागा, नवं पान, एवढी माणसं टक लावून उभी, आणि वेळ भर दुपारची: त्याला बिचकवणारं सगळं एकाच वेळी जमून आलेलं असतं. परळ आठ-दहा दिवस आधीपासून त्याच जागी मांडलेलं असू द्या, रोज त्याच माणसानं भरलेलं. म्हाळाच्या दिवशी पान परळाच्या शेजारी ठेवा, शक्य तितक्या सकाळी, आणि दार लोटून सगळे आत या. तो टाकीवर बसलेलाच असतो.